लोकसभेला याचिका आणि खासदारांची प्रतिस्वाक्षरी : माझा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील कारखान्यांतून निवृत्त झालेल्या आम्हा काही सहकाऱ्यांनी ईपीएस-९५, म्हणजे १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतनाबाबत लोकसभेला याचिका करायचे ठरवले. हे किमान निवृत्तिवेतन १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे आणि आम्ही अर्ज लिहायला बसलो तेव्हाही ते तेवढेच होते. मोर्चे काढून झाले होते, मंत्र्यांना निवेदने देऊन झाली होती. याचिकेचा मार्ग सुचला तो राज्यसभेच्या याचिका समितीच्या २०१३ च्या अहवालामुळे. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. हेच कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल होऊन आले, शिफारस मात्र होती तेथेच राहिली. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हे ठाऊक असूनही आम्ही या वाटेला लागलो, कारण समिती मंत्रालयाकडून लेखी खुलासा मागवते आणि सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारू शकते. सामान्य निवृत्तिवेतनधारकाला या दोन्ही गोष्टी अन्य कोणत्याही मार्गाने साधत नाहीत.

मसुदा लिहायला फारसा वेळ लागला नाही. लोकसभेच्या नियमांतच नमुना दिलेला आहे. याचिका सभागृहाला उद्देशून लिहायची, भाषा संयत ठेवायची, शेवटी नेमकी मागणी मांडायची. मराठीत लिहिता येते, पण सोबत हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद स्वाक्षरीसह द्यावा लागतो. आम्ही थेट हिंदीत लिहिली.

घोडे अडले ते खासदारांच्या प्रतिस्वाक्षरीपाशी, म्हणजे आमच्या सह्यांखेरीज याचिकेवर लागणाऱ्या त्यांच्या सहीपाशी. याचिका सभागृहात सादर करणारा सदस्य तिच्यावर स्वतः प्रतिस्वाक्षरी करतो, आणि हा सदस्य आपल्याच मतदारसंघाचा असला पाहिजे असे बंधन नाही. म्हणून विदर्भातल्याच एका खासदारांच्या संपर्क कार्यालयात आम्ही कागद घेऊन गेलो. तेथील स्वीय सहायकांनी अत्यंत अदबीने बसवले, चहा मागवला, प्रत ठेवून घेतली, दुसऱ्या प्रतीवर पोहोच म्हणून शिक्का मारून दिला आणि ‘साहेब मंत्रिमहोदयांना पत्र देतील’ असे सांगून आम्हाला निरोप दिला. पत्र नको आहे, याच कागदावर सही हवी आहे, असे मी सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, ‘काका, पत्राला जास्त वजन असते.’

दोष एकट्या त्यांचा नव्हे. नागपुरात दर डिसेंबरात राज्य विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, यशवंत स्टेडियमजवळून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवले जातात, शिष्टमंडळ आत जाते, निवेदन देते, छायाचित्र निघते. कागद देणे म्हणजे निवेदन देणे, एवढीच पद्धत या शहरातील प्रत्येक राजकीय कार्यालयाच्या अंगवळणी पडली आहे. त्यामुळे आमची याचिका कधी आवक नोंदवहीत, कधी ‘श्रम मंत्रालय’ लिहिलेल्या फायलीत, तर एकदा चक्क वैद्यकीय मदतीच्या अर्जांत सापडली. काही काळाने खासदारांच्या लेटरहेडवर मंत्र्यांच्या नावे एक सुरेख शिफारसपत्र आमच्या हाती ठेवण्यात आले. ते मी आजही जपून ठेवले आहे. याचिकेच्या दृष्टीने त्याचा काडीचा उपयोग नव्हता. याचिकेला पत्रे, प्रतिज्ञापत्रे वा अन्य कागद जोडता येत नाहीत, असे नियमच सांगतो. नियमांची प्रत काढून तो भाग पेन्सिलीने अधोरेखित करून दाखवला, तेव्हा ‘साहेबांच्या वतीने मी सही करून देतो’ असा तोडगा पुढे आला. तो आम्ही नाकारला, आणि मला वाटते तेव्हापासून त्या कार्यालयात माझी गणना चिकट माणसांत होऊ लागली.

त्यात आम्ही वेळ निवडली होती तीही अडचणीची. संसदेचे हिवाळी अधिवेशन आणि नागपूरचे अधिवेशन बहुधा एकमेकांवर येतात. खासदार दिल्लीत आणि त्यांचे कार्यालय मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या सरबराईत. अर्थसंकल्पी अधिवेशन मात्र दोन भागांत भरते आणि मधल्या सुटीत विभागांशी संलग्न स्थायी समित्या मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चाचे प्रस्ताव, तपासतात. या २४ समित्यांत प्रत्येकी ३१ सदस्य असतात, तेव्हा खासदारांना त्या काळातही दिल्लीला जावे लागते, पण अधूनमधून ते मतदारसंघात भेटतात. आम्हाला खासदार भेटले ते याच सुटीत. त्यांनी उभ्यानेच मागणीचा परिच्छेद वाचला, ‘हा विषय न्यायालयात तर नाही ना?’ एवढे विचारले आणि सही केली. ज्या सहीसाठी मी कार्यालयाचे जिने झिजवले, तिला एक मिनिटही लागले नाही. स्वीय सहायक शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिले, हे कबूल करतो.

खासदारांचा तो प्रश्न महत्त्वाचा आहे. न्यायालयाच्या कक्षेतील विषयावर याचिका स्वीकारली जात नाही. ईपीएस-९५ मध्ये वाढीव वेतनावरील निवृत्तिवेतनाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि ४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यावर निकाल झाला. आमच्यातील काहींना तोही मुद्दा घालायचा होता. मी हट्टाने तो बाहेर ठेवला आणि केवळ किमान रकमेवर लिहिले, याचे समाधान मला अजून आहे.

सह्यांबाबत सांगायचे राहिले. सह्या एकाहून अधिक कागदांवर जात असतील तर प्रत्येक कागदाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहावी लागते, आणि निदान एका याचिकाकर्त्याची सही मूळ मजकुराच्याच कागदावर असावी लागते. प्रत्येकाचे पूर्ण नाव व पत्ता हवा. लिहिता न येणाऱ्याचा अंगठा चालतो. कोऱ्या कागदांवर आधीच सह्या गोळा करणाऱ्या संघटनांनी हे विशेष लक्षात घ्यावे. खासदार मिळतच नसतील तर याचिका समितीला थेट अभिवेदन, म्हणजे खासदाराच्या सहीविना लेखी अर्ज, पाठवण्याची सोय आहे. ते सभागृहात सादर होत नाही, पण समिती त्यावर विचार करू शकते. माझ्या मते प्रतिस्वाक्षरीच्या मागे लागण्याआधीच एक अभिवेदन टपालाने धाडून द्यावे.

सभागृहात याचिका सादर होते तेव्हा सदस्य ठरावीक एक वाक्य म्हणतो, चर्चा होत नाही, आणि ती १५ सदस्यांच्या याचिका समितीकडे जाते. आमची तेथे पोहोचली असून मंत्रालयाचे म्हणणे मागवल्याचे सचिवालयाचे पत्र आले आहे. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत यापुढचे काही आम्हाला कळणार नाही.