कापडी की प्लास्टिकची?

वस्तू बनल्यापासून टाकून देईपर्यंत पर्यावरणावर तिचं किती ओझं पडतं, असा तिच्या जीवनचक्राचा हिशेब मांडणं हे माझं काम. ते कळलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग खरं सांगा, कापडी पिशवी चांगली की प्लास्टिकची?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझं उत्तर आहे: घरात आहे ती, आणि ती फाटेपर्यंत.

हे ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण त्यांना कापूस किंवा प्लास्टिक यांपैकी एक नाव हवं असतं. पण पिशवी तुमच्या हातात येते तेव्हा तिच्या आयुष्यातला बराच खर्च होऊन गेलेला असतो. कापसाला पाणी, खत, कीटकनाशक लागतं. मग सरकी काढायची, सूत कातायचं, कापड विणायचं, धुवायचं, रंगवायचं, आणि प्रत्येक पायरीला वीज नाहीतर उष्णता आलीच. पातळ प्लास्टिक पिशवीचं वजनच मुळात काही ग्रॅम. त्यामुळे एकास एक तुलना केली तर कापडी पिशवी हरते. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेच्या २०११ च्या अहवालानुसार, फक्त हवामानबदलाचा निकष धरला तरी, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. त्या सगळ्या प्लास्टिक पिशव्या घरी कचऱ्याच्या डब्यात पुन्हा वापरल्या, तर हाच आकडा ३२७ वर जातो.

डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासातला ७१०० हा आकडा तुम्ही कदाचित ऐकला असेल. साध्या सुती पिशवीचे तेवढे वापर व्हायला हवेत, असं सांगितलं जातं. पण तो आकडा पर्यावरणाच्या प्रत्येक निकषावर बरोबरी साधायची म्हटली तर येतो, आणि तो एवढा फुगतो ओझोन थराच्या निकषामुळे. त्याच अभ्यासात हवामानबदलापुरता हिशेब ५२ वापरांचा आहे. शिवाय उघड्यावर फेकलेल्या पिशव्यांचा परिणाम त्यात मोजलेलाच नाही. जिथे कचरा नीट गोळा होतो तिथे हे चालून जाईल. जिथे तो नाल्यात, समुद्रात, जनावरांच्या पोटात जातो तिथे प्लास्टिकची बाजू इतकी भक्कम राहत नाही. म्हणून कुणी नुसता आकडा पुढे केला की मी आधी विचारते, कशाचा आकडा आणि कशाच्या तुलनेत?

१३१ वेळा म्हणजे आठवड्यातून एकदा धरलं तर अडीच वर्षं. नीट शिवलेल्या पिशवीला हे मुळीच जड नाही. बहुतेकदा कापड विरत नाही, बंद उसवतात. बंद वरच्या काठाला टाचण्याऐवजी तळाखालून फिरवून शिवले की वजन शिवणीवर येत नाही आणि पिशवी कितीतरी जास्त टिकते. सुधारित रचना म्हणतात ती मला इथे दिसते. हिरव्या पानाचं चित्र छापून फुकट वाटलेली सहावी पिशवी मात्र दाराच्या खिळ्याला लटकून राहते, आणि तिच्यामागचं सगळं पाणी वाया जातं.

आपण पिशवीवर इतकं भांडतो, पण खरा प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारायला हवा: ओझं नेमकं कोणत्या टप्प्यावर पडतं? स्मार्टफोनचं बहुतांश ओझं तो बनतानाच पडतं; पुढे वर्षानुवर्षं चार्ज करायला लागणारी वीज त्यामानाने थोडी. मग त्याचं आयुष्य वाढवणं हाच उपाय, आणि ते अडतं चिकटवून टाकलेल्या बॅटरीपाशी. फ्रान्सने २०२१ मध्ये फोन विकताना दुरुस्तीसुलभतेचे, म्हणजे तो दुरुस्त करणं किती सोपं आहे याचे, दहापैकी गुण दाखवणं सक्तीचं केलं. युरोपीय संघात फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडले तर, अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येण्यासारखी हवी. असे नियम मला जनजागृतीच्या शंभर फलकांपेक्षा मोलाचे वाटतात.

विजेच्या किटलीचं गणित याच्या उलट. तिचं ओझं पाणी तापवण्यात आहे, म्हणून ती बांबूची केली तरी फरक नगण्य. एका कपाची ठळक खूण आणि तेवढ्याच पाण्यावर सुरक्षित चालणारी रचना जास्त कामाची. कपडे गरम पाण्यात धुणाऱ्यांचंही तेच: पावडरीचा डबा बदलण्यापेक्षा पावडरीतल्या, थंड पाण्यातही डाग सोडवणाऱ्या एन्झाइमांनी जास्त ऊर्जा वाचते.

म्हणूनच 'फाटेपर्यंत वापरा' हा माझा सल्ला सगळीकडे लावू नका. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब अजून चालत असेल तरी तो काढा. साधारण नऊ वॅटचा एलईडी तेवढाच उजेड देतो, आणि तो बनवायला लागलेली ऊर्जा वाचलेल्या विजेतून लवकरच वसूल होते.