फियाटमधली अळंबी

यंदा, म्हणजे 2025 ला, पाऊस 26 मेलाच मुंबईत येऊन थडकला. घरात हापूसची पेटी अजून अर्धी होती आणि गाडीचं कव्हर माळ्यावरून खाली काढलेलंही नव्हतं. तीन आठवड्यांनी मुलगी गाडीत राहिलेली छत्री आणायला गेली ती धावतच वर आली. "बाबा, आपल्या गाडीत अळंबी उगवलीय." मी हसण्यावारी नेलं. खाली जाऊन मागची सीट उचलली, तर डाव्या कोपऱ्यात, ओल्या नमद्यावर, म्हणजे तळावरच्या जाड फेल्टवर, तीन पांढऱ्या छत्र्या डोलत होत्या. वास असा, की पावसाळी सहलीहून आलेले बूट आठवडाभर पिशवीत बांधून ठेवावेत.

गाडी 1991 ची. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, पण घरात कायम 'फियाट'. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वागळे इस्टेटमध्ये नोकरीला असताना घेतलेली. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. सोसायटीत छपराचं पार्किंग नाही, त्यामुळे गाडी गुलमोहराखाली उभी असते. जागेला गटाराच्या दिशेने उतार आहे, म्हणजे गाडी कायम डाव्या अंगावर किंचित कललेली. गुलमोहर आणि उतार, हे दोघेही पुढे गुन्ह्यात सामील निघाले.

पाणी आधीही यायचंच. "फियाट आहे, थोडं पाणी पिणारच," असं अप्पांचं मत, आणि पायाखाली वर्तमानपत्र अंथरणं हा त्यांचा इलाज. पण गेल्या गणपतीत चरईहून मूर्ती आणताना तिच्या तोंडावरचा रुमाल एका बाजूने भिजला. मूर्ती शाडूची. आई वाटेत काही बोलली नाही, घरी आल्यावर तिने अप्पांकडे नुसतं पाहिलं. त्या बघण्याला वर्षभराची मुदत होती. यंदा गणपती 27 ऑगस्टला.

मग मी कामाला लागलो, आणि आधी जे केलं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. पुढे डाव्या पायापाशी तळं साचत होतं, म्हणून पुढच्या काचेच्या रबराभोवती सिलिकॉनची अख्खी ट्यूब रिकामी केली. त्या वेळी आंबट, व्हिनेगरसारखा वास आला. तो वास ॲसेटिक ॲसिडचा असतो, अशा जातीचं सिलिकॉन सुकताना ते सोडतं आणि उघड्या पत्र्याला त्याने गंजच चढतो, हे नंतर कळलं. मग डावं दार तपासताना त्याच्या खालच्या कडेला तीन लांबट भोकं दिसली. मला वाटलं, सापडला चोर! रस्त्यावरचं पाणी इथूनच आत उडत असणार. एम-सील मळलं आणि तिन्ही भोकं ठासून बुजवली. त्या रात्री शांत झोप लागली.

दोन दिवस चांगला पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी तीन हात नाक्याला वळण घेतलं, तर दारातून 'डबक' आवाज आला. दुसऱ्या वळणाला पुन्हा 'डबक'. अर्धा भरलेला हंडा काखोटीला मारून चालावं तसं. घरी येऊन दार उघडलं तर पॅनेलच्या पुठ्ठ्यातून पाणी झिरपून थेट मॅटवर. आधी वाटीभर यायचं, आता तांब्याभर.

वागळे इस्टेटमधले एक डेंटर काका अप्पांच्या ओळखीचे. मूळचे मालवणकडचे, उमेदीची सगळी वर्षं मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी ठोकून सरळ करण्यात गेलेली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा त्यांनी अप्पांना मुद्दाम फोन केला होता, घरातलं कोणी गेल्यासारखा. त्यांनी माझं एम-सील अंगठ्याने दाबून पाहिलं आणि विचारलं, "दाराक भोकां कित्याक ठेवतत, ठाऊक आसा?"

ठाऊक नव्हतं. दार हे पाणी अडवण्यासाठी केलेलंच नसतं. काच वर-खाली होते त्या फटीतून पाणी आत जातंच. बाहेरची रबरी पट्टी काचेवरचं थोडंफार पुसते, इतकंच. उरलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. आतल्या पॅनेलमागे प्लॅस्टिकचा एक कागद असतो, तो पाण्याला माणसांच्या बाजूला येऊ देत नाही. आमच्या गाडीतला तो कागद कधीकाळी स्पीकर बसवताना फाडून फेकलेला. भोकं आधीच गुलमोहराच्या बारीक पानांच्या चिखलाने निम्मी बुजलेली होती. उरलेली निम्मी मी बुजवली.

जाताना त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं: "पाणी खंय पडतां तां बघू नको. खंयसून येतां तां बघ." ऐकायला सोपं. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्याच्या बाथरूमचं पाणी तिसऱ्याच घराच्या बेडरूममध्ये उतरतं आणि त्यावरून दोन कुटुंबं चार वर्षं बोलत नाहीत, तरी गाडीच्या बाबतीत हे मला सुचलं नाही.

शोधायचं तर आधी गाडी पूर्ण कोरडी हवी. ओल्या नमद्यावर नवं पाणी कुठून आलं हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. सीटा काढल्या, मॅट काढल्या, नमदा काढला. तो नमदा वर न्यायला दोघं लागलो, इतकं पाणी प्यायलेला. जूनमध्ये ठाण्यात काही वाळवणं म्हणजे काय ते ठाणेकरांना सांगायला नको. हॉलमध्ये टेबलफॅनखाली पाच दिवस पसरला, पाहुण्यांना येऊ नका म्हणून सांगितलं, आणि शेवटी फेकूनच दिला. नवा घेतला तो सगळं काम झाल्यावर. दारं उघडी टाकून गाडीचा तळ दोन उघडिपीच्या दिवसांत सुकला.

मुसळधार पाऊस गळती शोधायला कुचकामी, कारण तो सगळीकडून एकदम भिजवतो. त्याला नळी हवी. तीही जोरात मारायची नाही, नुसतं पाणी वाहू द्यायचं, आणि खालून वर जायचं: आधी दाराचा तळ, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी टप. वरून सुरुवात केली की ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. एका जागी पाच मिनिटं, मग पुढची जागा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खिडकीतून दोनदा विचारलं, "भर पावसात गाडी कसली धुताय?" मी म्हटलं, धुत नाही, चोर पकडतोय. त्यांनी खिडकी लावून घेतली.

आत मुलगी टॉर्च घेऊन. तिने एक गोष्ट केली जी मला किंवा काकांना सुचली नव्हती. दिवाळीची उरलेली पांढरी रांगोळी गाळणीने सगळ्या तळावर भुरभुरली. कोरड्या पत्र्यावरच्या रांगोळीवर पाण्याचा एक थेंब पडला तरी करडा डाग पडतो, आणि ओघळ आला तर त्याची वाट रेघ ओढल्यासारखी दिसते. त्या रेघेचं बोट धरून उलटं जायचं.

डाव्या दारावर पाणी सोडताच मिनिटाभरात पॅनेलखालून रेघ निघाली. ते अपेक्षितच होतं. वायपरच्या दांड्या बाहेर येतात तिथल्या रबरी चकत्यांचा चुरा झालेला, त्या बदलल्या. तळातल्या बुचांपैकी एक गायब होतं. ते नळीच्या परीक्षेत कळणारच नव्हतं, कारण तिथून पाणी फक्त गाडी चालताना, रस्त्यावरच्या डबक्यातून यायचं. उभ्या गाडीत येतं की चालत्या, हे आधी स्वतःला विचारलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता. आणि ज्या पुढच्या काचेवर मी अख्खी ट्यूब ओतली होती, ती पंधरा मिनिटं भिजवूनही ठणठणीत कोरडी. तिथून पाणी कधी येतच नव्हतं.

अळंबीचं गूढ मात्र सुटेना. मागची डावी बाजू, डिकीचं रबर, डावा टेललाइट, सगळीकडे पाणी सोडलं. काही नाही. कंटाळून नळी उजवीकडे नेली, मागच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यावर धरली आणि चहा प्यायला बसलो. सातव्या मिनिटाला आतून आरोळी, "बाबा, आलं!" पाणी कोपऱ्यातल्या रबराखालून शिरत होतं, उजव्या खांबाच्या पोटातून उतरत होतं, सीटखालच्या पत्र्यावर येत होतं, आणि गाडी डावीकडे कललेली म्हणून तो अख्खा पत्रा आडवा ओलांडून डाव्या कोपऱ्यात साचत होतं. रांगोळीवर उजवीकडून डावीकडे गेलेली ती तिरकी रेघ मी फोटो काढून ठेवली आहे. गाडी समोरच्या विंगच्या पार्किंगमध्ये उभी असती तर अळंबी उजवीकडे उगवली असती.

रुमालाचंही कोडं सुटलं. गेल्या वर्षी मूर्ती आईच्या मांडीवर होती आणि आई उजवीकडे बसली होती.

काच काढायची म्हटल्यावर माझे हात थरथरायला लागले, म्हणून ते काम काकांच्या गॅरेजमध्ये. जुनं रबर दगड झालेलं. सुरीने कापून काच आतून हलकेच ढकलली, आणि खाली जे दिसलं ते पाहून अप्पा दोन मिनिटं गप्प झाले. ज्या पत्र्याच्या कडेवर रबर बसतं ती कड उजव्या कोपऱ्यात बोटभर लांबीत बिस्किटासारखी झाली होती. वरून रंग धडधाकट. नवं रबर घातलं असतं तरी ते धरणार कशाला? काकांनी सडका भाग कापून पत्र्याचा तुकडा जोडला, घासला, रेड ऑक्साइड मारला, रंग दिला. "लांबी, म्हणजे पुट्टी, भरून भागणार नाही का?" असं मी विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही.

रबर आणायला मी कुर्ल्याला, सीएसटी रोडला गेलो. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मली, तिचं रबरही कुर्ल्यातच मिळालं, याचं अप्पांना फार कौतुक. दोन दुकानांनी 'चालेल, सगळं सेमच असतं' म्हणत वेगळ्याच खाचेचं रबर पुढे केलं. मी जुन्याचा वीतभर तुकडा सोबत नेला होता म्हणून वाचलो. नमुना नेल्याशिवाय जाऊ नका. आणखी एक, रबर मापापेक्षा किंचित लांब कापायचं, कारण ते पुढे आखडतं आणि जोडाशी फट पडते.

काच बसवण्याची रीत पाहण्यासारखी असते. रबर आधी काचेला चढवायचं. रबराची जी खाच पत्र्यावर बसणार, तिच्यात सगळीकडून एक मजबूत दोरी भरायची, दोन्ही टोकं आत लोंबती ठेवायची. साबणाचं पाणी लावायचं. मग एकाने बाहेरून तळहाताने काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढत जायची. दोरी निघते तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून उडी मारून आत येते. बाहेरून मी दाबत होतो, आतून काका ओढत होते. तिसऱ्या प्रयत्नात बसली. शेवटी रबर आणि पत्रा यांच्यामध्ये कधीच कडक न होणारं सीलंट भरलं. कडक होणारं चालत नाही, गाडी चालताना बॉडी पिळवटते आणि ते तडकतं.

दारांचं काम मग किरकोळच. एम-सील खरवडून काढायला मात्र एक अख्खी संध्याकाळ गेली (उत्तम चिकटतं, त्याची साक्ष मी देतो). भोकं तारेने साफ केली, आत जाड प्लॅस्टिक कापून ब्यूटिलच्या चिकट पट्टीने लावलं. त्याची खालची कड दाराच्या पोटात सोडायची, बाहेर नाही, नाहीतर पुन्हा तेच. सगळं मिळून नऊ हजारांच्या आसपास खर्च आला, त्यातला मोठा वाटा पत्र्याचा.

18 आणि 19 ऑगस्टला पाऊस कसा कोसळला ते सगळ्यांना आठवत असेल. मी रांगोळी भुरभुरून ठेवली होती. 20 तारखेला सकाळी टॉर्च घेऊन गेलो. मागे रांगोळी कोरडी, डावीकडे कोरडी. ड्रायव्हरच्या बाजूला दाराजवळ मात्र चार-पाच करडे ठिपके. दाराचं रबर तपासलं, कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून पाहिली, सगळीकडे घट्ट. आठवडाभर डोकं खाजवलं, ठिपक्यांचा पत्ता लागला नाही.

गणपती आणायला निघालो तेव्हा भुरभुर होती. अप्पा चालवत होते, आई मुद्दाम मागे उजवीकडे बसली होती. येताना गोखले रोडवर गाड्या खोळंबल्या आणि पाऊस वाढला. मूर्तीचा रुमाल कोरडा. आईने दोनदा हात लावून पाहिला. मी पुढे, डावीकडे. अप्पांच्या कोपरावर टपकन एक थेंब पडला, मग दुसरा. त्यांच्या बाजूची ती छोटी त्रिकोणी काच दोन बोटं उघडी होती.

"अप्पा, ही काच?"

"ती उघडीच असते," अप्पा म्हणाले. "एक्क्याण्णवपासून. नाहीतर समोरच्या काचेवर वाफ धरते."