ताळा केलास का?

नववीत बीजगणिताच्या तासाला फळ्यावर दोन उभ्या रेघा आल्या आणि वर्गातल्या हुशार मंडळींनी लगेच नियम करून टाकला: रेघांच्या आतलं वजाचं चिन्ह पुसायचं. |−७| म्हणजे ७. झालं केवलमूल्य! नुसते आकडे होते तोवर हे खपलं. मग सरांनी लिहिलं, क्ष ऋण असेल तर |क्ष| = −क्ष. वर्गात एकच गलका. केवलमूल्य कधी ऋण नसतं म्हणता, आणि उत्तरात वजा?

सर म्हणाले, "ओरडायलास कशाला? क्षच्या जागी −७ ठेव की." −(−७), म्हणजे सात. क्ष स्वतःच ऋण, तर −क्ष धन. एवढं गळी उतरायला आख्खा तास गेला. पुढे इंजिनिअरिंगला शहरातली पोरंही इथेच अडखळताना पाहिली, तेव्हा तो तास वाया गेला नव्हता हे कळलं.

सरांच्या लेखी केवलमूल्य म्हणजे संख्यारेषेवरचं अंतर. "परभणीहून पूर्णेला जा नाहीतर उलट्या बाजूला मानवत रोडला, तिकिटावर किलोमीटर वजात छापतेत का?" त्यामुळे |क्ष − ५| = ३ हे ते असं वाचायचे: पाचापासून तीनावर कोण कोण? अलीकडे २, पलीकडे ८. |क्ष + ४| दिसलं की आम्ही हटकून ४ पासून मोजायचो; मोजायचं असतं −४ पासून. आणि |क्ष| = −४ आलं तर सोडवायला बसायचंच नाही.

(या रेघा १८४१ साली कार्ल वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाने वापरल्या. विद्यापीठात शिकवायला जाण्याआधी तो बरीच वर्षं शाळेत मास्तर होता. शाळेच्या स्मरणिकेत एवढं सांगायला हरकत नाही!)

सरांचा खरा जीव ताळ्यात. पोरं त्यांना मागे 'ताळा सर'च म्हणायची. एकदा त्यांनी घातलं |२क्ष + १| = क्ष − ४. आता आम्ही तयार झालो होतो. एकदा २क्ष + १ = क्ष − ४ धरलं, क्ष = −५. एकदा २क्ष + १ = −(क्ष − ४) धरलं, क्ष = १. दोन्हींखाली दुहेरी रेघ मारून वह्या पुढे सरकवल्या.

"ताळा?"

−५ घातलं: डावीकडे ९, उजवीकडे −९. १ घातलं: डावीकडे ३, उजवीकडे −३. रीत बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि दोन्ही उत्तरं बाद! समीकरणाला उकलच नव्हती. डावी बाजू ऋण होत नाही, म्हणून क्ष निदान ४ तरी हवा, हे आधी उजवीकडे नजर टाकली असती तर तिथल्या तिथे दिसलं असतं. पण सर ते ताळा झाल्यावरच सांगायचे, आधी कधीच नाही. याबद्दल माझा त्यांच्यावर अजूनही थोडा राग आहे.