आमची वाटचाल: फोटो फ्रेम ते लॅमिनेटेड काच

वडिलांचं ठाण्यात नौपाड्याला फोटो फ्रेम आणि आरशांचं छोटं दुकान होतं. लग्नाचा रंगीत फोटो मढवायला आलेल्या प्रत्येकाला ते बजावायचे, "खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नका हो, विटेल." पुढे घोडबंदर रोडला टॉवर उभे राहू लागले, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांची कामं मिळू लागली आणि आम्ही भावंडांनी वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. रेट पाडून कामं घ्यायची आणि बिलासाठी खेटे घालायचे.

लॅमिनेटेड काचेकडे, म्हणजे बाजारातल्या सँडविच काचेकडे, आम्ही वळलो ते आवाजामुळे. पाम बीच रोडच्या गाड्यांनी हैराण झालेल्या नेरूळच्या एका काकूंकडे मापं घ्यायला गेलो होतो. हॉलचं तोंड पश्चिमेला, आणि सोफ्याची खिडकीकडची बाजू पार फिकटलेली. काकू म्हणाल्या, "अहो, खिडकीला काच आहे ना? मग ऊन रंग खातंच कसं?"

प्रश्न रास्त होता. त्वचा भाजणारे, आखूड लहरींचे अतिनील किरण साधी काच बहुतांशी अडवते. ३१५ ते ४०० नॅनोमीटरमधले मात्र बरेचसे आत येतात आणि सोफ्याचं कापड, लाकडाचं पॉलिश, शोकेसमधली पैठणी यांचा रंग उडवायला हातभार लावतात. काच टफन केली तरी यात फरक पडत नाही. टफन म्हणजे तापवून झटकन थंड केलेली काच. तिची ताकद वाढते, एवढंच. सँडविचमध्ये दोन काचांच्या मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक थर असतो, ०.३८ मिमी किंवा त्याच्या पटीत. किरण शोषणारी द्रव्यं या थरातच असतात, म्हणून ३८० नॅनोमीटरपर्यंतचे सुमारे ९९ टक्के किरण तिथेच थांबतात. थर स्वच्छ असल्यामुळे खोलीतला उजेड जवळपास तेवढाच राहतो. गंमत म्हणजे, १९०९ साली फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस यांनी अशा काचेचं पेटंट घेतलं, तेव्हाचा मधला सेल्युलोजचा थर उन्हाने स्वतःच पिवळा पडायचा. पीव्हीबी आलं १९३०च्या दशकात.

तरीही "रंग अजिबात उडणार नाही" असं आम्ही कोटेशनवर लिहीत नाही. साधा उजेड आणि उष्णता यांनीही रंग विटतो, आणि त्यांना ही स्वच्छ काच फारसं अडवत नाही. विटणं मंदावतं, थांबत नाही. पश्चिमेच्या खिडकीला पडदा हवाच. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर आम्ही सरळ सांगतो, आहे त्या काचेवर चांगली यूव्ही फिल्म चिकटवा. ती चरे पडून कधीतरी बदलावी लागेल, पण दुसऱ्याच्या घरात एवढा खर्च कशाला?

काच आम्ही प्रोसेसरकडून, म्हणजे काचेवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याकडून, तयार घेतो. थर चिकटवायला ऑटोक्लेव्ह लागतो, तिथे साधारण १४० अंशांचं तापमान आणि १२ ते १४ बारचा दाब असतो. ते आमच्या गाळ्याचं काम नव्हे. आमचं कसब बसवण्यात. मिलिमीटरमागे चौरस मीटरला अडीच किलो वजन, म्हणजे ५ मिमीच्या जागी ५+५ची काच आली की पल्ला दुप्पट जड. जुन्या सेक्शनच्या चाकांना ते झेपत नाही. दुसरा शत्रू पाऊस. खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचलं की ओल काचेच्या कडेतून थरात शिरते, कडा पांढुरक्या होतात, मग थर सुटू लागतो. म्हणून पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची आणि व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन कडेला लावायचंच नाही, कारण त्यातलं आम्ल थराला बाधतं. न्यूट्रल सिलिकॉन महाग पडतं, तरी तेच वापरतो.

हल्ली बरीचशी कामं जुन्या सोसायट्यांमधली असतात. मापं घ्यायच्या आधी आमचा माणूस पल्ला सरकवून बघतो. चौकट खिळखिळी असेल तर काचेचा भाव नंतर, आधी चौकटीचा.