कोण ते सांगू नका

"वाच. चांगलं आहे."

आमच्या डब्यातल्या काकूंची शिफारस एवढीच. सीएसटीहून सुटणारी संध्याकाळची फास्ट, खिडकीशेजारची त्यांची ठरलेली जागा, मांडीवर मटारच्या शेंगांची पिशवी आणि पर्समध्ये वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली कुठली तरी रहस्यकथा. पुस्तक हातात देतात आणि परत शेंगा सोलायला लागतात. कशाबद्दल आहे, कुठे घडतं, अवाक्षर नाही.

समोरच्या बाकावरच्या ताईंचं बरोबर उलटं. त्या विज्ञानकथावाल्या. पुस्तक आवडलं की भायखळ्याला सांगायला सुरुवात करतात आणि ठाण्याची खाडी येईपर्यंत शेवटासकट सगळं सांगून टाकतात. गंमत म्हणजे त्यांनी सांगून संपवलेली पुस्तकंही मी नंतर आणून वाचली आहेत आणि काही कमी पडल्यासारखं कधी वाटलं नाही. काकूंच्या पुस्तकाचं असं एका वाक्यात कुणी केलं असतं, तर मी भांडले असते.

या दोन जातींच्या पुस्तकांची शिफारस करण्याचं शास्त्रच वेगळं आहे. अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' घ्या. १९२६ची कादंबरी, शंभरी गाठली तिने. पण तिच्याबद्दल न वाचलेल्या माणसाशी बोलायचं काय? 'शेवटी जबरदस्त धक्का आहे' एवढं म्हटलं तरी समोरचा पहिल्या पानापासून सगळ्यांकडे संशयाने बघायला लागतो, अगदी स्वयंपाकिणीकडेसुद्धा. काकूंनी ती मला दिली तेव्हा नेहमीचंच 'वाच' म्हणाल्या, फक्त पुस्तक हातातून सोडायला एक क्षण उशीर केला. रात्री दीड वाजता मी ती संपवली. त्या वेळी फोन करणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडीत मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि त्या इतक्या हसल्या की चार मटार बाकाखाली घरंगळत गेले. त्यांची शिफारस खरं तर तेव्हा पूर्ण झाली.

त्यांचा स्वतःचा श्रीगणेशा अर्थातच बाबुराव अर्नाळकरांपासून. वडिलांबरोबर वाचनालयात जायच्या तेव्हा कपाटाशी उभी असलेली माणसं पुस्तकाचं नाव विचारायचीच नाहीत म्हणे. "झुंजार आहे का?" "नवा काळापहाड आला?" बाबुरावांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, नावं लक्षात ठेवणार कोण! झुंजार, काळापहाड नाहीतर धनंजय, नायकाचं एवढं नाव सांगितलं की झालं. तिकडे इंग्लंडात रोनाल्ड नॉक्स नावाच्या धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले होते. त्यातला एक असा, की गुप्त खोली किंवा गुप्त वाट एकाहून जास्त नको. हा नियम मी काकूंना सांगितला. त्यांनी शेंग बाजूला ठेवली. "एकच? मग पळायचं कुठून?"

ताईंची पद्धत मी पहिल्यांदा नीट बघितली ती जयंत विष्णू नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'च्या वेळी. इतिहासाच्या प्राध्यापकाला अपघात होतो आणि तो जाऊन पडतो अशा जगात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना लागायची ती गोळी चाटून गेलेली आहे. बस्स, एवढं सांगेपर्यंत दादर आलं. पुढची कथा ताईंना सांगायलाच मिळाली नाही. "मग इंग्रज आलेच नसते?" दारातून कुणीतरी ओरडलं. "भाऊसाहेब हत्तीवरून उतरलेच नसते मग," चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या बाई म्हणाल्या. कधी कुणाशी बोलत नाहीत त्या. एक कॉलेजची मुलगी मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, की अब्दालीनेही काहीतरी केलंच असतं ना. घाटकोपरला उतरणाऱ्या दोघी उतरताना प्लॅटफॉर्मवरही तेच बोलत होत्या. पुढच्या आठवड्यात डब्यातल्या तिघींनी ती कथा मिळवून वाचली होती. शेवट माहीत असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता. 'गोळी लागली नसती तर' एवढा प्रश्न त्यांना पुरला होता.

नारळीकरांची एक गोष्ट मात्र मी काकूंसाठी राखून ठेवली होती. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी १९७४मध्ये 'कृष्णविवर' पाठवली, ती टोपणनावाने. तोवर त्यांचं नाव घराघरात झालेलं होतं, परीक्षकांवर त्या नावाचं दडपण यायला नको होतं. अक्षर ओळखीचं निघेल म्हणून पत्नी मंगलाताईंकडून कथा उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं ते 'नारायण विनायक जगताप' यांना. मी काकूंना इतकंच विचारलं, की हे जगताप कोण ते ओळखा. त्या कळव्यापर्यंत गप्प. मग बोटावर आद्याक्षरं मोजली, ना, वि, ज. उलटी मोजली. "अगं!" ताई म्हणाल्या, हे तर मला कधीचं माहीत होतं. काकू म्हणाल्या, "माहीत असणं वेगळं आणि शोधून काढणं वेगळं."

यानंतर मला जरा अवसान चढलं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मला आयझॅक आसिमॉव्हची 'द केव्हज ऑफ स्टील' मिळाली होती, १९५४ची. विज्ञानकथेत रहस्यकथा बसणारच नाही, कारण गुप्तहेर अडला की खिशातून नवं यंत्र काढून मोकळा होईल, असं जॉन कॅम्पबेल या संपादकाचं मत होतं. आसिमॉव्हने ते खोडून दाखवायला खून, माणूस-पोलीस आणि त्याचा यंत्रमानव जोडीदार अशी कादंबरी लिहिली. दोघींना एकच पुस्तक देण्याची याहून चांगली संधी कुठली?

दोघींनीही नाक मुरडलं. काकू म्हणाल्या, "यंत्रमानव आहे ना? मग त्यानेच केला असेल." ताई म्हणाल्या, एवढं भविष्यातलं शहर उभं केल्यावर मध्ये खून कशाला आणायचा.

मग मी ताईंचीच युक्ती वापरली. त्या शहरात सगळी माणसं पोलादी छताखाली दाटीवाटीने राहतात, उघड्या आभाळाची त्यांना धास्ती वाटते. प्रवास सरकत्या पट्ट्यांवरून होतो आणि गर्दीच्या वेळी बसायला मिळणार की नाही, ते माणसाच्या सरकारी हुद्द्यावर ठरतं. हे ऐकल्यावर बाकावरच्या चौघीही माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे 'तुम्ही कुठे उतरणार?' असं विचारायचंच नाही?"

"नाही."

"आणि क्लार्क असेल तर?"

"उभं राहायचं."

काकूंनी हात पुसून पुस्तक ओढून घेतलं. आठ दिवस त्या संध्याकाळी एक शब्द बोलल्या नाहीत. मटारही आणले नाहीत. नवव्या दिवशी पिशवी परत दिसली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर चढलेलं होतं. त्यांनी ते ताईंच्या मांडीवर ठेवलं.

"वाच. चांगलं आहे."

"अहो, पण पुढे होतं काय? त्या यंत्रमानवानेच केला का?"

काकूंनी मूठभर शेंगा त्यांच्यापुढे ओतल्या. "सोल जरा. डोंबिवली येईल आता."