ओली छत्री

"कुठनं आणलास रं एवढा पाऊस?"

दहिवडीच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या आजी माझ्या छत्रीकडे बघत होत्या. सकाळी महाबळेश्वरात भिजलेली छत्री अजून गळत होती. खाली धुळीत थेंब पडला की काळा ठिपका उठायचा आणि बघता बघता नाहीसा व्हायचा.

म्हटलं, "महाबळेश्वरहून आलो, आजी."

त्या वर बघत म्हणाल्या, "ढग आमच्याच डोक्यावरनं जात्यात. पर समदं तिकडंच सांडून येत्यात."

शाळेत 'पर्जन्यछाया' पाठ केलं होतं, कळलं आज. अरबी समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि घाटमाथ्यावरच मोकळं होतं. पूर्वेला उतरताना ते तापतं, कोरडं होतं. म्हणून एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि इथे दहिवडीच्या माण तालुक्यात जेमतेम 500.

डोंगर हलवता येत नाही, हे खरंच. पण आजी पुढे बोलल्या ते डोक्यातून जात नाहीये. "आमच्या लहानपणी त्या टेकडीवर झाडं हुती. सावली हुती, गारवा हुता. ती काय डोंगरानं नेली न्हाईत."

झाडं गेली की ऊन थेट जमिनीवर पडतं, माती तापते, आणि पडलेला थोडा पाऊसही वाहून जातो. माणमधल्या लोकांनी उन्हातान्हात समतल चर, म्हणजे उतारावर एकाच पातळीत आडवे खड्डे, खोदले ते हेच पाणी धरायला. किती कष्ट!

छत्री मी आजींकडेच ठेवून आलो. म्हणाल्या, "उन्हाला हुईल."

तुमच्या गावातली कुठली टेकडी तुम्हाला हिरवी आठवते?