पायपुसण्यावरचा मोंद्रियान

आमच्या दारात डच चित्रकार मोंद्रियान आडवा पडलेला असतो. काळ्या जाड रेघा, लाल-निळे-पिवळे चौकोन आणि बाकी सगळं पांढरं. हे पांढरं आमच्या संभाजीनगरच्या धुळीपुढे आठवडाभरसुद्धा टिकणार नव्हतं, टिकलंही नाही. गुलमंडीवर ज्यानं हे पायपुसणं मला विकलं, त्याच्या लेखी त्याचं नाव 'लुडोवाला'. "लुडोवाला लेव ना मॅडम, बहुत चल रहा." त्याच ढिगात 'रोनेवाली मेमसाब'चे अभ्रे होते, म्हणजे अमेरिकन चित्रकार लिक्टेनस्टाइनच्या त्या ठिपक्याठिपक्यांच्या, डोळ्यांत टचकन पाणी आलेल्या बायका. आणि एक 'हिरॉइनवाला' ट्रे, ज्यावर मर्लिन मन्रोचा एकच चेहरा चार रंगांत चारदा छापलेला. कलेच्या इतिहासाची पुस्तकं याहून लांबण लावतात, पण फार वेगळं सांगत नाहीत.

सेलूची मावशी आली तेव्हा चपला काढता काढता तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "बाई, चौकटी आखल्या अन् रंग भरायचं ऱ्हाऊनच गेलं की गं!"

मोंद्रियानबद्दल इतकं नेमकं मत मी दुसरं ऐकलेलं नाही. हा माणूस आधी चांगली झाडं काढायचा. मग एकेक फांदी कमी करत गेला, खोड गेलं, हिरवा रंग गेला आणि शेवटी आडव्या-उभ्या रेघा उरल्या. भरायचं राहून गेलं नव्हतं, ठेवायचंच नव्हतं. हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग बरंय, धुवायला सोपं."

ती निर्धास्त पाय पुसून आत आली. आत टेबलाखाली जुन्या कॅलेंडरचं एक पान पडलं होतं, त्यावर लक्ष्मी. त्याला तिच्या पायाचं बोट जेमतेम लागलं असेल. लगेच वाकून तिनं पान उचललं, कपाळाला लावलं आणि भिंतीशी उंचावर ठेवलं. दोन्ही छापील, दोन्ही स्वस्त. पायपुसणं तर कॅलेंडरपेक्षा महागच.

रिचर्ड हॅमिल्टन या ब्रिटिश चित्रकारानं १९५७ साली एका पत्रात पॉप आर्ट म्हणजे काय याची यादीच करून टाकली होती. लोकांना आवडणारी, क्षणभर टिकणारी, वापरून फेकण्याजोगी, स्वस्त, ढिगानं निघणारी, तरुण, चावट, आणि अशीच आणखी काही विशेषणं. यातलं 'स्वस्त' आणि 'ढिगानं' आपल्याला नवं नव्हतं. राजा रविवर्म्यानं १८९४ सालीच मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती राजवाड्यातून उतरून शेतकऱ्याच्या माजघरात खिळ्यावर जाऊन बसल्या. आपलं घोडं अडलं ते 'फेकण्याजोगी'पाशी. वर्ष संपलं तरी कॅलेंडरावरचा देव संपत नाही. आमच्या घरी असे निवृत्त देव कपाटामागे उभे असायचे. बिनदेवाच्या पानांची वह्यांना कव्हरं व्हायची आणि देव मात्र कधीतरी पैठणला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती गोदावरीकडे रवाना व्हायचे.

आता ही सवय पाश्चात्त्य चित्रकारांनाही लागू झाली आहे.

गल्लीतल्या फोटो स्टुडिओवाल्यानं चहाच्या मगांवर चित्रं छापायचं यंत्र घेतलंय. चित्र कागदावर उलटं छापायचं, कागद मगाभोवती चिकटपट्टीनं गच्च आवळायचा आणि यंत्रात दाबून ठेवायचा. १८० अंशांच्या पुढे शाईची थेट वाफ होते आणि मगावरच्या थरात शिरून बसते. कानाजवळ दोन बोटं जागा तेवढी कोरी राहते. त्याच्या फळीवर बारशाचे फोटो, 'हॅपी बर्थडे पप्पा' आणि त्यांच्या मधोमध व्हॅन गॉगची तारकांची रात्र. मी घेतलेल्या मगावर मात्र खुद्द व्हॅन गॉगच होता, कानाला पट्टी बांधलेला. वर्षभरात मगाचाही कान तुटला. टाकून देणं शक्यच नव्हतं. आता त्यात मनीप्लँट आहे.

तरी खरं सांगायचं तर व्हॅन गॉग मगावर शोभत नाही. त्याचा रंग कॅनव्हासवर इतका जाड चढलेला असतो की कडेनं पाहिलं तर उंचवटे दिसतात. मगावर हात फिरवला तर सगळं गुळगुळीत. आभाळ फिरायचं थांबतं. त्या 'हिरॉइनवाल्या' ट्रेवरच्या मर्लिनचा चित्रकार, अमेरिकेचा अँडी वॉरहॉल, याचं काहीच बिघडत नाही, कारण तो मुळात दुकानातूनच आलेला. १९६२ साली लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीत त्यानं टोमॅटो वगैरे सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली, तीही किराणा दुकानासारखी फळीवर ओळीनं. ती हातानं रंगवलेली होती. पण त्याच वर्षी तो सिल्कस्क्रीनकडे वळला. चौकटीवर ताणलेली जाळी, वरून शाई, आणि रबराच्या पट्टीनं एक ओढ. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पिशव्या वर्षानुवर्षं अशाच छापल्या गेल्या. या पद्धतीनं केलेली त्याची एक मर्लिन २०२२ साली १९ कोटी ५० लाख डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या भावानं सुमारे दीड हजार कोटी रुपये. पत्रिका छापणाऱ्यांना हे कुणी सांगू नये.

स्वस्त नकलेला नाकं मुरडणाऱ्यांना मी आमच्या गावचं हिमरू दाखवते. किनखाब सोन्याचांदीच्या जरीचं, बादशहा-सरदारांनाच परवडणारं. मग कारागिरांनी तीच वेलबुट्टी सूत आणि रेशीम घेऊन विणली, दिसायला भारी आणि किमतीत बसणारी. आज हातमागाची खरी हिमरू शाल घ्यायला जा, घाम फुटतो. आणि शेजारच्याच दुकानात तिची यंत्रमागावरची नक्कल टांगलेली असते. तिलाही मी नावं ठेवणार नाही. शंभर वर्षांनी तिचं काय होईल कुणी सांगावं!

माझ्याकडच्या सगळ्या मालात लाडकी आहे ती कीथ हॅरिंगची पिशवी. भाचीनं पुण्याहून आणलेली, जाड कापडाची, तिच्यावर हातपाय उडवत नाचणारी काळ्या रेघांची माणसं. हॅरिंग ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांवर, जाहिरातींच्या रिकाम्या चौकटींतल्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूनं चित्रं काढायचा. पोलिसांनी पकडलं की दंड. पुढे नाव झालं, चित्रं लोकांच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा त्यानं १९८६ साली 'पॉप शॉप' नावाचं दुकान काढलं आणि टी-शर्ट, बिल्ले, मॅग्नेट विकायला लागला. ज्याला चित्र घेणं जमत नाही त्यानं बिल्ला तरी न्यावा, असा हिशेब. जाणकारांनी टीका केली, बाजारू म्हणाले. १९९० साली, ३१ व्या वर्षी तो गेला. दुकान त्याच्यामागंही २००५ पर्यंत चाललं.

त्या पिशवीतून आमची ज्वारी गिरणीत जाते. पाचेक किलो सहज मावते, बंद अजून तुटलेले नाहीत. पीठ शिवणीत आणि नाचणाऱ्यांच्या अंगावर इतकं बसलंय की धुतल्यावरही ती जरा भुरकीच दिसतात. गिरणीत एकसारखे स्टीलचे डबे रांगेत असतात, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. माझ्या पिशवीला चिठ्ठी लागत नाही. पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून गिरणीवाले काका ओरडतात, "नाचऱ्यांची ज्वारी झाली! न्या हो ताई, गरम हाय, पिशवीचं तोंड उघडं ठिवा!"